पिकअप घेताना इंजिन का खडखडतं?

आय.सी. इंजिनच्या ओरलला एक प्रश्न ठरलेला असतो. एक्स्टर्नल सर चहाचा कप खाली ठेवतात, जर्नलची चार पानं उलटतात आणि विचारतात, "नॉकिंग म्हणजे काय? पेट्रोल आणि डिझेल इंजिनच्या नॉकिंगमधला फरक सांग." आपण दोन रकान्यांचा पाठ केलेला तक्ता धडाधडा म्हणून दाखवतो आणि बाहेर येऊन पुढच्या रोल नंबरला सांगतो, "नॉकिंग विचारूलालेत रे!" मीही तेच केलं होतं. मार्कही चांगले पडले. त्या मार्कांचा माज दिवाळीच्या सुट्टीत एका ट्रकने उतरवला. तो कसा उतरला आणि त्यात काय शिकायला मिळालं, ते आपल्या हॉस्टेलच्या मित्रांना सांगावं म्हणून हा लेख.

माझ्या काकांची एक जुनी सहाचाकी गाडी आहे. सहा सिलिंडर, टर्बो, जुना मेकॅनिकल पंप. लातूरच्या आडतीवरून सोयाबीन, तूर, पेंड भरायची आणि चाकूर, अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला आणायची, हा त्यांचा नेहमीचा फेरा. सुट्टी लागायच्या आधीच फोन आला. "गाडी पिकअप घेताना खडखड करूलालीय. माळाकोळीकडच्या चढाला तर डोकं उठतंय. तू इंजिनियर होऊलालास ना? ये, बघ जरा."

गावाकडच्या एका गॅरेजवाल्याने दोन मिनिटं आवाज ऐकून निकाल दिला होता : "खाली बेअरिंग गेलंय. इंजिन खोलावं लागतंय." खर्च दीड लाखाच्या वर आणि गाडी पंधरा दिवस उभी. सोयाबीनचा हंगाम चालू, बँकेचा हप्ता डोक्यावर, शिवाय चुलत बहिणीच्या लातूरच्या क्लासची फी भरायची होती. काका बोलत नव्हते, पण त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. आवाज खरंच बेअरिंगचा असेल तर इलाजच नाही. पण नसेल तर?

आधी थोडं पुस्तक

पेट्रोल इंजिनमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आधीच तयार असतं. प्लगची ठिणगी पडते, ज्वाळा एका बाजूने पुढे सरकत जाते. तिच्यापुढे उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं आणि कधीकधी ज्वाळा पोचायच्या आधीच स्वतःहून पेटतं. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतीवर आदळते आणि आपल्याला बारीक धातूचा "टिकटिक" आवाज येतो. म्हणजे पेट्रोलमध्ये गोंधळ ज्वलनाच्या शेवटी होतो. म्हणून तिथे लवकर न पेटणारं इंधन लागतं. ऑक्टेन नंबर तेच सांगतो. आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य धरून तो काढतात. हा आवाज थांबवण्यासाठीच १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायचा उपाय शोधला. इंजिन शांत झालं, पण ते विष जगभर हवेत गेलं. आपल्याकडे शिसं घातलेलं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं.

डिझेलमध्ये प्लग नाही. नुसती हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेलचा फवारा सोडायचा. हवा किती तापते? आपल्या लॅबमधल्यांसारख्या छोट्या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो साधारण १७ ते १७.५ असतो. हवा ३०० केल्व्हिनला आत आली, घातांक १.३५ धरला, तर ३०० × १७ चा ०.३५ वा घात म्हणजे जवळजवळ ८१० केल्व्हिन. सुमारे ५३५ अंश सेल्सिअस! डिझेल आपोआप पेटायला २५० अंशांच्या आसपास तापमान पुरतं. म्हणजे फवारा पडताच भडका उडायला हवा.

पण तसं होत नाही. थेंब बारीक व्हायला, त्यांची वाफ व्हायला, ती हवेत मिसळायला आणि रासायनिक क्रिया सुरू व्हायला थोडा वेळ जातो. पुस्तकात त्याला "इग्निशन डिले" म्हणतात. आपण त्याला "थबक" म्हणू. ही थबक मिलीसेकंदाची गोष्ट, पण इंजिनला मिलीसेकंद थोडा नसतो. १५०० आर.पी.एम. ला क्रँक सेकंदाला २५ फेरे, म्हणजे ९००० अंश फिरतो. एका मिलीसेकंदात ९ अंश. तेवढा वेळ पंप मात्र डिझेल सोडतच असतो.

चुलीचं उदाहरण घ्या. काडी ओढली की लगेच रॉकेल पेटलं तर "फुस्स" होतं. काडी ओल्या लाकडावर विझली, रॉकेल ओतणं चालूच राहिलं आणि मग दुसरी काडी लागली तर "भप्प" होतं, भुवया जळतात. थबक लांबली की सिलिंडरमध्ये तेच होतं. साचलेलं सगळं डिझेल एकदम पेटतं, दाब हळूहळू न चढता उडी मारतो आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आवाज येतो. म्हणजे डिझेलमध्ये गोंधळ ज्वलनाच्या सुरुवातीला होतो. म्हणून तिथे उलट, लवकर पेटणारं इंधन लागतं. ते सांगणारा आकडा म्हणजे सीटेन नंबर. आपल्या देशातल्या बी.एस.-६ डिझेलला तो किमान ५१ असावा लागतो.

दोन्हीतला उलटेपणा लक्षात ठेवायचा असेल तर आपल्याच भागातलं इथेनॉल बघा. उसाच्या मळीपासून आणि रसापासून साखर कारखाने ते बनवतात. त्याचा ऑक्टेन साधारण १०८, म्हणून पेट्रोलमध्ये मिसळलं की नॉकिंग कमी होतं. पण सीटेन दहाच्याही खाली. तेच डिझेलमध्ये ओतलं तर थबक लांबेल आणि इंजिन खडखडायला लागेल. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. तक्त्यातले दोन रकाने मला खऱ्या अर्थाने या उदाहरणाने समजले.

डिझेल इंजिनचा थोडा ठोका हा त्याचा स्वभाव आहे, हेही सांगायला हवं. विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन ज्याने लहानपणी ऐकलंय त्याला ते ठाऊक आहे. प्रश्न ठोका असण्याचा नाही, वाढण्याचा आणि बदलण्याचा आहे.

मग पिकअप घेतानाच का?

ॲक्सिलरेटर दाबला की पंपाची रॅक सरकते आणि डिझेल लगेच वाढतं. पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे हवा मागून येते. हवेचा दाब कमी तर कॉम्प्रेशनच्या शेवटचा दाबही कमी, आणि थबक थोडी लांब. शिवाय थबकेत साचणारं डिझेल जास्त. त्यामुळे लपलेला दोष नेमका पिकअपला उघडा पडतो.

दुसरं कारण यांत्रिक आहे. सिलिंडरचा बोअर ९७ मि.मी. धरा. पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस सें.मी. होतं. ज्वलनाचा दाब १०० बार धरला तर पिस्टनवर साडेसात टनांचा भार येतो. तो कनेक्टिंग रॉडमधून बेअरिंगवर जातो. बेअरिंग झिजून फट पडली असेल तर प्रत्येक वेळी रॉड त्या फटीत आपटतो, आणि हा भार लोड वाढल्यावर वाढतो. म्हणजे बेअरिंगचा आवाजही पिकअपलाच येतो!

इथेच खरी अडचण आहे. पिकअपची खडखड या एका लक्षणामागे निदान पाच कारणं असू शकतात : डिझेल खराब, नोझल खराब, टायमिंग चुकलेलं, बेअरिंग किंवा गजन पिन झिजलेली, नाहीतर इंजिनच्या बाहेरचंच काही, जसं प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. पहिल्याला खर्च शे-पाचशेचा, चौथ्याला लाखाचा. कानाला मात्र सगळे सारखेच.

माझा शहाणपणा

लातूरला पोचलो आणि मी तक्ता काढला. सीटेन कमी असला की नॉक होतो. म्हणजे डिझेलमध्ये भेसळ! काकांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "टाकी रिकामी करा." शंभरेक लिटर डिझेल ड्रममध्ये उतरवलं, फिल्टर बदलला, हवा काढली, दुसरीकडचं डिझेल भरलं. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. चावी फिरवली. खडखड जशीच्या तशी.

काका काही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "जेवून घे आता, दमलास." ते जास्त लागलं.

नंतर विचार केला तेव्हा चूक कळली. मी काकांना एक साधा प्रश्न विचारला नव्हता : आवाज कधीपासून येतोय? ते म्हणाले असते, दोन महिन्यांपासून हळूहळू वाढत आलाय. दोन महिन्यांत गाडीने दहा ठिकाणी डिझेल भरलं होतं. आणि डिझेल खराब असतं तर सहाही सिलिंडर सारखे वाजले असते. इथे आवाजाला एक ठरलेला ठेका होता. मी अंदाज केला होता, निदान नाही.

"आवाज ऐकू नको, मोज"

नांदेडला काकांच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. शाळा सातवीपर्यंत, हातात चाळीस वर्षांचं काम. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ऑईल प्रेशरचा काटा कुठं हाय?" काटा थंडीलाही आणि गरमलाही जागेवर होता. "मग रिकामी गाडी घेऊन सावकाश या. काटा खाली आला तर तिथंच बंद करा, एक पाऊल पुढं नको." बेअरिंगची फट वाढली की ऑईल तिथून निसटतं आणि प्रेशर पडतं, म्हणून हा प्रश्न.

गॅरेजात गाडी लागली. त्यांनी पाना उचलला नाही. आधी काकांची उलटतपासणी घेतली. थंड असताना जास्त वाजते की गरम झाल्यावर? ("सकाळी जास्त, मग जरा कमी.") धूर कसला? ("पिकअपला काळा.") ॲव्हरेज? ("पडलंय.") ऑईल वाढतंय की कमी होतंय? काकांनी विचार केला. "लेव्हल कमी होत नाही, उलट जरा वर दिसली."

या चार उत्तरांत निम्मं निदान होतं. ज्वलनाचा नॉक थंड इंजिनमध्ये जास्त असतो, कारण हवा कमी तापते आणि थबक लांबते. बेअरिंगचा आवाज उलटा वागतो. इंजिन गरम झालं, ऑईल पातळ झालं की तो वाढतो. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. आणि ऑईलची लेव्हल वर जाणं म्हणजे न जळलेलं डिझेल रिंगांवरून खाली ऑईलमध्ये उतरतंय. उस्तादांनी डिपस्टिक काढून बोटावर थेंब घेतला, नाकाशी नेला आणि माझ्यापुढे धरला. डिझेलचा वास होता.

मग गाडी न्यूट्रलला सुरू केली आणि उभ्या उभ्या रेस दिली. खडखड आली. म्हणजे क्रॉस, गिअरबॉक्स, मागचं काही नाही. एक कारण फुकटात बाद.

आता ते मला म्हणाले, "इंजिनियर साहेब, आवाज ऐकू नका, मोजा." त्यांनी आयडलला एकेका नोझलच्या पाइपवर बोट ठेवलं. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत प्रत्येक वेळी डिझेल जाताना पाइपला नाडीसारखा ठोका बसतो. सहा पाइप, सहा नाड्या. चौथ्या पाइपवर आल्यावर त्यांनी मला बोट ठेवायला लावलं. नाडी आणि खडखड एका तालात पडत होती. हिशोब सोपा आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की एका सिलिंडरला एकदा डिझेल मिळतं. आयडल ६०० आर.पी.एम. धरलं तर सेकंदाला पाच वेळा. आवाज त्याच तालात असेल तर त्याचा संबंध एका सिलिंडरशी किंवा टॅपेटशी आहे.

पुढची परीक्षा आपल्या पुस्तकात असते, पण आपण ती "मोर्स टेस्ट" म्हणून फक्त इंडिकेटेड पॉवर काढायला वापरतो. एक सिलिंडर बंद करायचा आणि काय बदलतं ते बघायचं. उस्तादांनी आयडलला एकेका नोझलचा पाइपनट अर्धा फेरा ढिला केला. डिझेल बाहेर पाझरतं, तो सिलिंडर पेटत नाही, इंजिन जरा लंगडतं. पहिला, दुसरा, तिसरा ढिला केला तरी खडखड चालूच. चौथा ढिला केला आणि खडखड गेली. नट आवळला, परत आली. टॅपेटचा आवाज असता तर तो गेला नसता, कारण डिझेल बंद केलं तरी टॅपेट हलतोच.

मी म्हणालो, "म्हणजे चौथ्याचं नोझल." उस्ताद हसले. "आणि चौथ्याचं बेअरिंग असलं तर? सिलिंडर पेटला नाही तर बेअरिंगवर जोरच येत नाही. तोही आवाज जाणारच की."

मी गप्प. बरोबर होतं. ही परीक्षा जागा सांगते, कारण सांगत नाही.

कारण काढायला त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. चौथ्याचा नोझल काढून दुसऱ्याला बसवला आणि दुसऱ्याचा चौथ्याला. बाकी काही हलवलं नाही. आता आवाज चौथ्यातच राहिला तर दोष खाली, बेअरिंग किंवा पिनमध्ये. आवाज दुसऱ्यात गेला तर दोष नोझलमध्ये. गाडी सुरू केली, पुन्हा नट ढिले करत गेलो. काका केबिनच्या पायरीवर बसून बघत होते. दुसरा नट ढिला केला आणि खडखड थांबली.

आवाजाने घर बदललं होतं. काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदा चहा मागवला.

नोझल टेस्टरला लावला. हाताने पंप मारायचा आणि काट्यावर दाब बघायचा. चांगला नोझल ठरलेल्या दाबाला "चर्रर्र" आवाज करून धुक्यासारखा फवारा सोडतो. या जुन्या इंजिनांना तो दाब साधारण २०० ते २५० बार असतो. आमचा नोझल त्याच्या बराच आधी उघडत होता आणि फवारा न सोडता मोरीच्या नळासारखा ठिबकत होता. थेंब मोठे, त्यामुळे वाफ व्हायला उशीर. दाब कमी, त्यामुळे डिझेल वेळेआधी आत. थबक लांबायला दोन्ही कारणं हजर. नवीन नोझल बसवला, दाब जुळवला.

अजून थोडी खडखड होतीच

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ट्रायल घेतली तेव्हा मोठा आवाज गेला, तरी पिकअपला एक हलकी, सगळ्या इंजिनभर पसरलेली कडकड उरली. आता कुठलाही नट ढिला करा, ती जात नव्हती. म्हणजे सहाही सिलिंडरला लागू असलेलं काहीतरी. डिझेल तर मीच बदललं होतं (तेवढा तरी उपयोग झाला!). उरलं टायमिंग.

उस्तादांनी विचारलं, "पंप कधी खोलला होता?" काका जरा चुळबुळले. चार-पाच महिन्यांपूर्वी पंप कॅलिब्रेट करून बसवला होता आणि बसवणाऱ्याला काकांनीच सांगितलं होतं, "जरा पिकअप वाढवून दे." त्याने पंप थोडा फिरवून टायमिंग पुढे घेतलं होतं.

ते तपासायची रीत साधी आहे. पंपाच्या पहिल्या आउटलेटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथे हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी लावायची. इंजिन हाताने सावकाश फिरवायचं. नळीतून धार पडत असते. ती धार तुटून थेंब-थेंब होते तो क्षण म्हणजे इंजेक्शनची सुरुवात. त्या क्षणी पुलीवरची खूण किती अंश दाखवते ते वाचायचं. आमची खूण कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा ४ अंश आधी होती.

चार अंश म्हणजे १५०० आर.पी.एम. ला अर्ध्या मिलीसेकंदाहून कमी. पण तेवढ्या आधी पिस्टन खाली असतो, हवा कमी दाबलेली आणि कमी तापलेली असते. डिझेल अशा हवेत पडलं की थबक लांबते. गाडी पुढे घेतल्याने सुरुवातीला पिकअप बरा वाटतो, मालक खूश होतो, पण प्रत्येक ठोक्याला पिस्टन, हेडचं पॅकिंग आणि बेअरिंग मार खात असतात. टायमिंग जागेवर आणलं आणि पातळ झालेलं ऑईल फिल्टरसकट बदललं. जुना फिल्टर कापून कागद पसरून बघितला. बेअरिंगचे चमकणारे कण नव्हते.

संध्याकाळी गाडी लोह्याकडे चढावर नेली. इंजिनचा आवाज होता, खडखड नव्हती. एकूण खर्च ऐंशी-नव्वद हजारांचा नव्हे, काही हजारांत आटोपला आणि तिसऱ्या दिवशी गाडी सोयाबीन भरायला आडतीवर उभी होती.

पहिला गॅरेजवाला मूर्ख होता, असं मात्र मी म्हणणार नाही. ठिबकणारं डिझेल लायनरवरचं ऑईल धुऊन काढतं, पिस्टनचं डोकं जाळतं, ऑईल पातळ करून बेअरिंग खातं. तशीच गाडी अजून हंगामभर चालवली असती तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. त्याने रोगाचं शेवटचं पान आधी वाचलं होतं, एवढंच.

क्रम ध्यानात ठेवा

उस्तादांकडून शिकलेला क्रम माझ्या शब्दांत देतो. यातलं तत्त्व एकच : स्वस्त आणि न खोलता होणारी तपासणी आधी, इंजिन खोलणं सगळ्यात शेवटी.

१. ऑईल प्रेशर आणि लेव्हल बघा. प्रेशर पडलं असेल तर इंजिन बंद, गाडी ओढून न्या.

२. चालवणाऱ्याला विचारा : कधीपासून, थंड की गरम, रिकामी की भरलेली, धुराचा रंग, ॲव्हरेज, शेवटचं काम काय केलं.

३. उभ्या गाडीला रेस द्या. आवाज फक्त चालताना येत असेल तर क्रॉस, माउंटिंग, गिअरबॉक्सकडे बघा.

४. आवाजाचा ताल मोजा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाशी धरली तर जागाही कळते. फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब राहा.

५. एकेक सिलिंडर बंद करा. एकाने आवाज गेला तर दोष त्या सिलिंडरचा. कशानेच गेला नाही तर टॅपेट, टायमिंग किंवा डिझेल.

६. नोझलची अदलाबदल करा. आवाज नोझलबरोबर गेला तर नोझल, जागेवर राहिला तर खाली उतरावं लागेल.

७. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि आवाज गेला, तर कशाने गेला ते कधीच कळत नाही.

एक सक्त ताकीद

नट ढिला करायची परीक्षा फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांची आहे, आणि तीही जाणत्या माणसाच्या हाताखाली करायची. तिथेही फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही. बारीक फवारा कातडीतून आत शिरतो, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतून बोट जाऊ शकतं. अशा वेळी दुखत नसलं तरी तडक दवाखान्यात जायचं. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बी.एस.-६ ट्रकांना कॉमन रेल असते. तिच्यातला दाब हजार-दीड हजार बारच्याही वर जातो. त्या नटाला चालू इंजिनात पाना लावायचाच नाही. तिथे स्कॅनर लावून कॉम्प्युटरवरून एकेक सिलिंडर बंद करता येतो. साधन बदललं, युक्ती तीच.

या इंजिनांनी थबकेवर काढलेला उपायही सुंदर आहे. मुख्य फवाऱ्याच्या आधी डिझेलची एक चिमूट सोडतात. ती पेटून हवा आणखी तापते, मग मुख्य डिझेल पडताच जळायला लागतं. साचायला वेळच मिळत नाही. नवीन ट्रक जुन्यापेक्षा शांत का वाटतात, त्याचं एक मोठं कारण हे.

आणि हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या बाइकवाल्यांसाठी : तिघं बसून, टॉप गिअरमध्ये, कमी स्पीडला अॅक्सिलरेटर पिळला की जी टिकटिक येते ती पेट्रोलची नॉकिंग. डाव्या पायाने एक गिअर खाली टाका, निम्मा इलाज तिथेच होतो.

सुट्टी संपवून परत आलो तेव्हा लॅबमध्ये तेच इंजिन, तोच प्रेशर-अँगलचा ग्राफ समोर होता. गेल्या वर्षी तो मी शेजाऱ्याचा बघून काढला होता. या वेळी इंजेक्शनच्या खुणेपासून दाब उसळेपर्यंतची ती छोटी सपाट जागा बराच वेळ बघत बसलो. सर म्हणाले, "काय शोधतोयस?" म्हटलं, "काही नाही सर, आमच्या काकांची खडखड इथे होती."